जंगल जंगल: मोगलीच्या गाण्याचा पत्ता

हेडफोन नीट लावा, कारण आजचा विषय गाण्याचा आहे. गाणं मी वाजवून दाखवणार नाही, कॉपीराइटचा मामला असतो. पण त्याची गरजही नाही. मी फक्त तीन शब्द म्हणतो: रविवार, दूरदर्शन, मोगली. झालं! चाल डोक्यात सुरू झाली ना?

गंमत बघा. तुमच्यातले बरेच जण ते गाणं पहिल्यांदा टीव्हीवर लागलं तेव्हा जन्मलेलेही नसाल. तरी चाल पाठ आहे. कुणी आईकडून ऐकली, कुणी यूट्यूबवर, कुणी गॅदरिंगला पानांचा घागरा घालून त्यावर नाचलं. 'जंगल जंगल बात चली है' हे गाणं असं घराघरातून पुढे सरकत आलंय.

आता प्रश्न. ते जंगल कुठलं? म्हणजे मोगली राहतो कुठे? शंभरातले नव्वद जण म्हणतील, "अरे ते कार्टून आहे, त्याला कुठला पत्ता असणार?" पण त्याला पत्ता आहे. आणि आपले जे श्रोते गोंदिया, तिरोडा, आमगाव, देवरीकडून ऐकतायत, त्यांच्यासाठी तर तो पत्ता शेजारच्या गल्लीतला आहे. त्या गोष्टीतली नदी आपल्या जिल्ह्याला खेटून वाहते. आज आपण गाण्यापासून निघू आणि त्या नदीपर्यंत जाऊ. मग तिथून थोडं पुढेही जाऊ, कारण पत्ता कळला की जबाबदारीही येते.

'स्किप इंट्रो'च्या आधीचा जमाना

आधी १९९३ साल डोळ्यासमोर आणू. तेव्हा गोंदिया जिल्हा नव्हताच. तो १ मे १९९९ ला झाला. त्याआधी हा सगळा भाग भंडारा जिल्ह्यात. देशात केबल टीव्ही नुकता यायला लागलेला, झी १९९२ मध्ये सुरू झालेलं, पण ते मोठ्या शहरांत. बाकी सगळीकडे दूरदर्शन. छपरावर अँटेना, तो फिरवायला एक जण वर, आणि खालून दुसरा ओरडतोय, "आलं आलं! गेलं गेलं!" चित्रात मुंग्या.

आणि टीव्ही काही प्रत्येक घरी नव्हता. वस्तीतल्या ज्या घरी असेल तिथे सगळी पोरं. आता विचार करा, अशा वेळी मालिकेचं शीर्षकगीत काय काम करत असेल? आज आपण 'स्किप इंट्रो' दाबतो. तेव्हा शीर्षकगीत म्हणजे शाळेची घंटा. गाण्याचा पहिला सूर गल्लीत ऐकू आला की अंगणातली, नळावरची, अर्धी आंघोळ झालेली पोरं पळत सुटायची. गाणं संपायच्या आत जागा धरायची. म्हणून त्या काळातली शीर्षकगीतं लोकांना इतकी पाठ आहेत. ती नुसती ऐकलेली नाहीत, त्यांच्या तालावर लोक धावलेले आहेत.

यातलं मोगलीचं गाणं खास का ठरलं? एक तर ते लहान मुलाने गायलेलं होतं, अमोल सहदेव या मुलाच्या आवाजात. दुसरं, त्याची चाल अशी की सूर नाही लागला तरी म्हणता येते. आणि तिसरं कारण त्याच्या शब्दांत आहे. त्याकडे येतोच.

जपान ते मंडी हाऊस

पण आधी ही मालिका आली कुठून? ती जपानची. निप्पॉन अ‍ॅनिमेशन या स्टुडिओने केलेली, ५२ भागांची. जपानमध्ये ती १९८९-९० मध्ये दाखवली गेली. तिथे तिचं वेगळं जपानी शीर्षकगीत होतं. पुढे ती जगभर विकली गेली. अरबी देशांतल्या एका अख्ख्या पिढीचा मोगली हाच. प्रत्येक ठिकाणी भाषा बदलली, गाणं बदललं.

भारतात ती दूरदर्शनवर हिंदीत आली. आणि इथे एक मोठा निर्णय झाला. जपानी गाण्याचं भाषांतर न करता नवं गाणं बनवायचं. शब्द गुलजारांचे, संगीत विशाल भारद्वाज नावाच्या तरुणाचं. आज विशाल भारद्वाज म्हटलं की आपल्याला 'मकबूल', 'ओंकारा', 'हैदर' आठवतात. पण तेव्हा त्याला फारसं कुणी ओळखत नव्हतं. ज्या 'माचिस'ने तो संगीतकार म्हणून गाजला, तो १९९६ चा. म्हणजे गुलजार-विशाल ही जोडी देशाने पहिल्यांदा ऐकली ती एका कार्टूनच्या शीर्षकगीतात!

आणि आपल्यासाठी अजून एक गोष्ट. शेरखानचा आवाज कुणाचा होता? नाना पाटेकरांचा. मुरुड-जंजिऱ्याचा मराठी माणूस, आणि त्याच्या तोंडी जपानी चित्रातला, इंग्रज लेखकाचा, मध्य भारतातला वाघ. जागतिकीकरण हा शब्द पेपरात नुकता यायला लागला होता. पोरांनी तो रविवारी सकाळी बघून टाकला.

कायद्याच्या जागी गप्पा

आता शब्द. मी ओळी म्हणणार नाही, पण त्यात काय घडतं ते सांगतो. गुलजारांनी मोगलीला फुलाची उपमा दिली, आणि त्या फुलाला चड्डी घातली. बस, एवढंच. या 'चड्डी' शब्दाला त्या वेळी आक्षेप घेतला गेला होता. मुलांच्या गाण्यात असा शब्द कसा, म्हणून. गुलजार शब्दावर ठाम राहिले आणि शब्द राहिला.

हा शब्द एवढा महत्त्वाचा का? कारण त्या एका शब्दाने मोगली आपल्या घरातला झाला. रुडयार्ड किपलिंगच्या पुस्तकातला मोगली कसा आहे? गंभीर, रुबाबदार, डोळ्याला डोळा भिडवून वाघाला मागे हटवणारा. त्याच्या जंगलात सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे 'कायदा', जंगलाचा कायदा. कुणी काय खायचं, कुणी कधी शिकार करायची, सगळं कलमवार. किपलिंग साम्राज्याच्या काळातला माणूस, त्याला शिस्त आणि हुकूम आवडायचे. त्याच्या जंगलात कधीकधी कलेक्टर कचेरीचा वास येतो.

गुलजारांनी काय केलं? त्यांनी गाण्याची सुरुवात कायद्याने केलीच नाही. त्यांनी केली बातमीने. जंगलात एक बातमी पसरलीय, कुजबुज चाललीय. म्हणजे जंगल कसं, तर आपल्या गावाच्या पारासारखं. "अरे ऐकलं का? त्या लांडग्यांच्या घरी म्हणे एक पोर आलंय!" आणि पोर कसं, तर आपल्या गल्लीत उघड्या अंगाने, चड्डीवर फिरणारं. साहेबाच्या जंगलाचं एका मिनिटात आपलं गाव झालं.

हे गाण्याचं मोठं यश. पण मंडळी, या यशात एक गोष्ट हरवली. पुस्तकात नदीचं नाव होतं, डोंगराचं नाव होतं, गावांची नावं होती. गाण्यात उरलं फक्त 'जंगल'. कुठलंही, सगळ्यांचं. म्हणून तिरोड्याच्या पोराने हे गाणं हजारदा म्हटलं, पण त्याला कुणी सांगितलं नाही की बाबा, ही तुझ्याच नदीची गोष्ट आहे.

ती नदी म्हणजे वैनगंगा

तर चला, पुस्तक उघडू. किपलिंगचा जन्म मुंबईचा, ३० डिसेंबर १८६५. वडील जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायचे. 'द जंगल बुक' आलं १८९४ मध्ये, दुसरा भाग १८९५ मध्ये. लिहिलं कुठे? अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये, जिथे हिवाळ्यात दाराबाहेर बर्फाचे ढीग असतात. आणि गोष्ट सुरू होते कुठे? सिवनीच्या डोंगरात, एका उकाड्याच्या संध्याकाळी. सिवनी म्हणजे आजच्या मध्य प्रदेशातला जिल्हा, नागपूरहून जबलपूरला जाताना लागतो तोच.

किपलिंग त्या जंगलात कधी गेलाच नव्हता असं अभ्यासक मानतात. मग त्याला माहिती कुठून मिळाली? रॉबर्ट स्टर्नडेल नावाच्या इंग्रजाने १८७७ मध्ये सातपुड्यातल्या सिवनीच्या कॅम्पवरच्या दिवसांबद्दल एक पुस्तक लिहिलं होतं. पुढे त्याने भारतातल्या सस्तन प्राण्यांवरही पुस्तक लिहिलं. किपलिंगने यांचा आधार घेतला असं समजलं जातं. म्हणजे एकाने पाहिलं, दुसऱ्याने लिहिलं, तिसऱ्यांनी जपानमध्ये काढलं, चौथ्याने दिल्लीहून दाखवलं.

आता नकाशा. वैनगंगा सिवनी जिल्ह्यात उगम पावते. वळसा घेऊन बालाघाटमधून खाली येते, मग बालाघाट आणि गोंदियाच्या सीमेवरून वाहते. तिला येऊन मिळते ती बाघ नदी. नावच बाघ! पुढे भंडारा, पवनी, मग चंद्रपूर-गडचिरोलीच्या मधून जाऊन वर्धेला भेटते आणि दोघींची होते प्राणहिता.

किपलिंगने या नदीचं नाव स्पष्ट लिहिलंय, 'वैनगुंगा' असं इंग्रजी वळणाचं. आणि ती कथेत एकदाच येऊन जात नाही. मोगलीच्या आयुष्यातले तीन मोठे प्रसंग तिच्या काठावर घडतात.

पहिला, शेरखानचा शेवट. शेरखान राहतो तोच मुळी वैनगंगेजवळ, लांडग्यांच्या गुहेपासून वीस मैलांवर, म्हणजे साधारण ३२ किलोमीटर. मोगली गावात म्हशी राखायला लागलेला असतो. शेरखान दडून बसतो वैनगंगेच्या एका कोरड्या नाल्यात. मोगली काय करतो? म्हशींचा कळप दोन बाजूंनी त्या नाल्यात घुसवतो. वाघ म्हशींच्या पायाखाली जातो. ज्यांनी म्हशी राखल्यात त्यांना माहीत आहे, हे अगदीच अशक्य नाही. म्हशी एकत्र आल्या की वाघालाही दहादा विचार करावा लागतो.

दुसरा प्रसंग दुष्काळाचा. पाऊस दगा देतो. मोहाला फुलं येत नाहीत, आणि बल्लू अस्वलाची पंचाईत होते. वैनगंगेचं पाणी इतकं उतरतं की मधला खडक उघडा पडतो. तो खडक दिसला की हत्ती पाण्याचा तह जाहीर करतो: आता पाण्यावर कुणी कुणाला मारायचं नाही. वाघ, हरीण, अस्वल, सगळे एका काठावर. आता हे झाडीपट्टीतल्या माणसाने वाचलं तर तो म्हणेल, यात नवं काय? मोह आणि अस्वल ही जोडी आमच्याकडे रोजची आहे. मार्च-एप्रिलला पहाटे मोहफुलं वेचायला गेलेल्या बाईला आधी बघावं लागतं की झाडाखाली आपल्या आधी कुणी आलंय का.

तिसरा प्रसंग रानकुत्र्यांचा. दख्खनकडून कोळसूनांची मोठी टोळी येते. मोगली त्यांना डिवचून वैनगंगेच्या घळीकडे पळवत आणतो. तिथे कड्यांना मधमाश्यांची पोळी लटकलेली. मोगली नदीत उडी मारतो, माश्या टोळीवर तुटून पडतात. आणि आज रानकुत्रे बघायला लोक जातात कुठे? नागझिऱ्याला! किपलिंगने त्यांना खलनायक केलं. जंगलातल्या माणसाला विचाराल तर तो सांगेल, शिस्तीने शिकार करणारा, पिल्लांना आधी खाऊ देणारा असा दुसरा प्राणी नाही.

एक कमी मात्र पुस्तकातही आहे. हे जंगल गोंडांचं. पण किपलिंगच्या गोष्टीत गोंड येतात ते कडेकडेने. एखादा शिकारी, एखाद्या पाऊलखुणेचा मालक, संकटात सापडलेल्या गावाला सल्ला देणारी शहाणी माणसं. गोष्ट त्यांच्या घरात घडते आणि ते पाहुण्यासारखे येऊन जातात. पुढे गाण्यात तर तेही राहिले नाहीत.

मोगली तिकडे गेला, नदी इकडे आली

आता तुम्ही म्हणाल, नदी आपली खरी, पण सिवनी तर मध्य प्रदेशात. बरोबर. पण ही सीमा किती जुनी आहे? किपलिंगने पुस्तक लिहिलं तेव्हा सिवनी, बालाघाट, भंडारा हे तिन्ही जिल्हे एकाच मध्य प्रांतात होते, राजधानी नागपूर. बालाघाट जिल्हा तर १८६७ मध्ये तयार झाला तो भंडारा, सिवनी, मंडला यांचे तुकडे जोडून. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. भंडारा आला मुंबई राज्यात, पुढे १९६० ला महाराष्ट्रात. सिवनी-बालाघाट राहिले मध्य प्रदेशात. वाघाला, नदीला, मोहाला कुणी विचारलं नाही, विचारणार तरी कोण!

माणसांनीही ही रेघ फार मनावर घेतली नाही म्हणा. गोंदियाच्या बाजारात उभे राहा. मराठी, हिंदी, पोवारी, गोंडी, छत्तीसगढी, सगळं एका चहाच्या टपरीवर ऐकू येतं. म्हणून इथल्या पोरांना मोगलीचं हिंदी गाणं परकं वाटलंच नाही. आणि रेल्वे! विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथून सातपुड्याची छोटी लाइन निघाली. गोंदिया, बालाघाट, नैनपूर, जबलपूर. नैनपूरहून फाटा सिवनी-छिंदवाड्याला. म्हणजे शंभर वर्षं मोगलीच्या गावाला रेल्वेने जायचं तर गाडी बदलायचं स्टेशन होतं गोंदिया! आता ती लाइन मोठी झालीय.

सीमेमुळे एक गोष्ट मात्र झाली. मध्य प्रदेशाने मोगली आपला केला. पेंचच्या अभयारण्याला त्याचं नाव दिलं, पर्यटनाच्या पाट्यांवर त्याला बसवलं. इकडे आपण काय केलं? आपल्याकडे या जंगलावर सुंदर लिहिणारे झाले. व्यंकटेश माडगूळकर 'नागझिरा' लिहून गेले. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला राहिले आणि त्यांनी मराठीला जंगलाची भाषाच दिली. किरण पुरंदरे चारशे दिवस नागझिऱ्यात राहिले आणि 'सखा नागझिरा' झालं. पुस्तकं आली, गाणं मात्र आलं नाही. आणि लहान मुलांपर्यंत आधी गाणं पोचतं, पुस्तक नंतर.

एप्रिल २०१६

आता एका महिन्याकडे या. एप्रिल २०१६. डिस्नेचा नवा 'द जंगल बुक' भारतात ८ एप्रिलला लागला, अमेरिकेच्या एक आठवडा आधी. आणि भारतातल्या प्रसिद्धीसाठी डिस्नेने काय वापरलं? तेच गाणं! गुलजार आणि विशाल भारद्वाज यांच्याकडूनच ते नव्याने करून घेतलं. हिंदी शेरखानला आवाज पुन्हा नाना पाटेकरांचा. १९९३ ची पोरं आता आईबाप झालेली, ती आपल्या लेकरांना घेऊन थिएटरात गेली. चित्रपट तुफान चालला.

हा चित्रपट शूट कुठे झाला माहितीये? लॉस एंजेलिसमधल्या स्टुडिओत. मोगली झालेला नील सेठी हा मुलगा तेवढा खरा. वाघ, अस्वल, झाडं, नदी जवळपास सगळं कॉम्प्युटरने तयार केलेलं. आणि ते इतकं खरं वाटत होतं की लोक तोंडात बोट घालून बघत होते.

त्याच महिन्यात, त्याच एप्रिलमध्ये, एक खराखुरा वाघ दिसेनासा झाला. त्याचं नाव जय. 'शोले'तल्या जयवरून ठेवलेलं. जन्म नागझिऱ्याचा. २०१३ च्या सुमारास हा पठ्ठ्या नागझिऱ्यातून निघाला आणि शंभर किलोमीटरहून जास्त चालत उमरेड-कऱ्हांडल्याला पोचला. शेतं, रस्ते, गावं ओलांडून, आणि हो, वैनगंगा ओलांडून. एका नव्या, फारशा कुणाला माहीत नसलेल्या अभयारण्याला त्याने नाव मिळवून दिलं. मुंबई-पुण्याहून लोक फक्त त्याला बघायला यायचे. गळ्यात रेडिओ कॉलर होती. १८ एप्रिल २०१६ नंतर त्या कॉलरचा सिग्नल मिळाला नाही. खूप शोधलं. जय सापडला नाही.

पुढच्या वर्षी, एप्रिल २०१७ मध्ये, जयचा बछडा मानला जाणारा श्रीनिवास हा वाघ नागभीडकडे मेला. शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेच्या धक्क्याने.

थिएटरात शेरखान गर्जत होता तेव्हा वैनगंगेच्या खोऱ्यातला आपला वाघ गायब होत होता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, योगायोग आहे. पण पहिली बातमी आपल्यापैकी किती जणांना माहीत होती आणि दुसरी किती जणांना, हा प्रश्न मात्र योगायोगाचा नाही.

गाण्यात मेसुआ नाही

थांबा. इथे नुसतं "वाघ वाचवा" म्हणून भाग संपवला तर ते अर्धं होईल. कारण पुस्तकात अजून एक पात्र आहे, जे गाण्याने आपल्यापर्यंत आणलं नाही. तिचं नाव मेसुआ.

मेसुआ गावातली बाई. तिचा मुलगा नथू, त्याला वाघाने नेलेलं. मोगली गावात येतो तेव्हा तिला वाटतं, हाच आपला नथू. ती त्याला दूध देते, भाकरी देते, जवळ घेते. म्हणजे 'जंगल बुक' ही जशी लांडग्यांच्या घरी वाढलेल्या पोराची गोष्ट आहे, तशी ती वाघाने लेकरू नेलेल्या आईचीही गोष्ट आहे. चड्डीतलं फूल आपल्या सगळ्यांना आठवतं. ती आई कुणाला आठवत नाही.

नवेगाव-नागझिऱ्याभोवतीच्या गावांत मेसुआ आजही आहेत. तेंदूपत्त्याला, मोहाला, सरपणाला जंगलात जाणाऱ्या बायका. संध्याकाळी शेतात धानाला पाणी द्यायला गेलेला माणूस घरी येईपर्यंत दाराकडे बघणाऱ्या. त्यांच्यासाठी वाघ कार्टून नाही आणि सफारीचा फोटोही नाही. कुंपणात वीज सोडणं हा गुन्हाच आहे, पण ती वीज सोडणाऱ्या शेतकऱ्याचं पीक रानडुकरांनी रात्रीत झोपवलेलं असतं, हेही त्याच गोष्टीचं पान आहे. ही दोन्ही पानं एकत्र वाचल्याशिवाय जंगल कळत नाही.

आता कुठली बात चालली आहे?

मग आज आपल्या जंगलातली बातमी काय आहे? नागझिरा अभयारण्य १९७० चं, नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ चं. डिसेंबर २०१३ मध्ये दोन्ही मिळून, आसपासची जंगलं जोडून, व्याघ्र प्रकल्प झाला, महाराष्ट्रातला पाचवा. नकाशात याची जागा बघा. वर कान्हा, पलीकडे पेंच, खाली ब्रह्मपुरी-ताडोबा. वाघांच्या प्रवासातलं हे जंक्शन आहे. गोंदिया स्टेशन जसं गाड्यांचं, तसं. जय गेला तो याच जाळ्यातून.

पण जंक्शनमधून रस्ते जातात. राष्ट्रीय महामार्ग ५३ नवेगाव आणि नागझिरा यांच्या मधूनच जातो. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीकडून दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडल्या, इथली संख्या वाढावी म्हणून. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गोंदिया-कोहमारा रस्त्यावर, मुरदोलीच्या जंगलात, एका तरुण वाघाला कारची धडक बसली. तो व्हिडिओ तुमच्यातल्या खूप जणांनी पाहिला असेल. जखमी वाघ स्वतःला ओढत रस्त्याच्या कडेला जातोय. तो वाघ वाचला नाही.

बघा, १९९३ मध्ये जंगलातली बातमी गाण्यातून आली आणि आपण पळत टीव्हीपुढे गेलो. २०२३ मध्ये जंगलातली बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर आली आणि आपण ती बघून, हळहळून, पुढे ढकलली. बात तर चाललीच. प्रश्न हा की ऐकल्यावर आपण काय केलं.

मी फार मोठ्या गोष्टी सांगणार नाही. तीनच सांगतो. एक, गोंदिया-कोहमारा असो की साकोली-देवरी, जंगलाचा पट्टा लागला की गाडीचा वेग उतरवा, रात्री तर नक्कीच. चालवणारे तुम्ही नसाल तर चालवणाऱ्याला सांगा. मुरदोलीचा वाघ शिकाऱ्याने मारला नाही, वेगाने मारला. दोन, वाघ दिसल्याची बातमी आली की गाव आणि तारीख बघितल्याशिवाय पुढे पाठवू नका. जुना व्हिडिओ नव्या गावाच्या नावाने फिरला की तिथली मेसुआ रात्रभर झोपत नाही. आणि तीन, गोंदियाहून नागपूरला रेल्वेने जाताना तिरोडा सुटलं की तुमसर रोडच्या आधी एक मोठा पूल लागतो. तेव्हा मोबाइलमधून मान वर करा आणि खाली बघा. ती वैनगंगा. सोबत लहान भाऊ-बहीण असेल तर त्यांना सांगा, मोगलीने शेरखानला जिथे गाठलं ना, ती हीच नदी, थोडी वरच्या अंगाला. मग ते गाणं म्हणा. आता त्या जंगलाला पत्ता असेल.

आजचा भाग इथे थांबवतो. तुमच्या गावाकडे मोगलीच्या गाण्याचे स्थानिक शब्द, विडंबनं, गॅदरिंगचे किस्से असतील तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. आणि झाडीबोलीत, गोंडीत किंवा पोवारीत कुणी या जंगलाचं एखादं गाणं बांधत असेल, तर ते आम्हाला सगळ्यात आधी ऐकायचंय. भेटू या, मंडळी. काळजी घ्या, हळू चालवा.